आधी नवऱ्याच्या गोळ्या दाखवा

डॉ. दिनकरराव शिधये यांचा माझा परिचय मिरजेतल्या त्यांच्या दवाखान्यात झाला. ग्रंथींचे विकार शिकायला मी नवखा डॉक्टर म्हणून गेलो होतो. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यातल्या बाईंनाच मी रीतीप्रमाणे आत बोलावले. सर शांतपणे म्हणाले, "त्यांना बसू द्या. आधी नवऱ्याच्या गोळ्या दाखवा." आपल्याकडे बाईला दवाखान्यांतून फिरवतात आणि नवरा बाहेर चहा पितो. सरांनी ही रीत कधी मानली नाही.

फौजेतून तरुणपणीच निवृत्त झालेले उंब्रजचे एक हवालदार असेच आले होते. त्यांच्या पत्नीला इथे सुनीता म्हणतो. पाठीच्या दुखापतीवर हवालदारांना अफूच्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या वर्षानुवर्षे चालूच राहिल्या. रिकामे पाकीट दाखवले की दुकानदार नवे देई. सरांनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावले, "या गोळ्या दुखणं झोपवतात, तसा मेंदूचा हुकूमही अडवतात. हुकूम पोहोचला नाही, तर पुरुषाच्या ग्रंथी काम थांबवतात."

सुनीताताईंना माहेरी, कोरेगावला, कायमचे धाडायचे घरात ठरत होते. हवालदारांच्या संमतीने सर स्वतः उंब्रजला गेले आणि दोष गोळ्यांचा आहे हे त्यांनी सासूबाईंना सांगितले. सासूबाईंनी अदबीने चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "आवं डाक्टर, तुमी म्हणताय ते खरं आसंल. पर आमच्या पोरात खोट हाय, हे भावकीत कसं सांगायचं?" हवालदार मान खाली घालून बसले.

सरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. शरीर पूर्वपदावर आले, पण तोवर सोडचिठ्ठी झाली होती. हवालदारांच्या दुसऱ्या पत्नीला मुलगा झाला आणि दवाखान्यात पेढे आले. सरांच्याच उपचाराने सुनीताताई गावात वांझ ठरल्या. माझ्या आयुष्यात इतके कडू पेढे मी पाहिले नाहीत.

सर त्याच आठवड्यात कोरेगावला गेले, मी सोबत होतो. दोष तुमचा नव्हता, असे त्यांनी ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमी आलासा, लय बरं वाटलं. पर आता माझ्या सख्ख्या भावाला बी ते पटत न्हाई."

आजही तशीच जोडपी येतात, तशीच पाकिटे निघतात. पुढे काही बदलेल असे मला वाटत नाही.

सर, तुमची पंचाहत्तरी झाली, त्यानिमित्त हे लिहिले. प्रकृती जपा, आम्हांला अजून खूप वर्षे हवे आहात. सुनीताताई निर्दोष आहेत असे चारचौघांत म्हणणारे तुम्ही एकटेच आहात.