आबांनी घेऊन दिलेली रॅकेट

मुलगी शाळेत जायला लागली आणि मी दीपनगरच्या कॉलनीत पुन्हा बॅडमिंटन खेळू लागले. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात असताना थोडंफार खेळले होते, पण तिथलं कोर्ट उघड्यावरचं. वारा सुटला की फूल भलतीकडेच जायचं. इथे क्लबचा चांगला हॉल होता आणि दुपारी तो रिकामाच असे. आम्ही चौघीजणींनी पदर खोचून सुरुवात केली, मग हळूहळू पंजाबी ड्रेसवर आलो.

रॅकेट आमच्या ह्यांची होती. हे वीज केंद्रात इंजिनियर, उंचेपुरे, पंजा दणकट. रॅकेटही तशीच, स्टीलची, जड, मूठ जाडजूड. हातात रॅकेट आहे हेच मला पुष्कळ वाटत होतं. पण वर्षभरात उजवं कोपर दुखायला लागलं. पोळी लाटताना कळ यायची. कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "टेनिस एल्बो आहे."

"अहो, पण मी टेनिस कधी खेळलेच नाही."

ते हसले आणि महिनाभर हॉलकडे फिरकू नका म्हणाले. महिना झाला, मी पुन्हा गेले, कळही पुन्हा आली.

त्याच सुमारास आबा, म्हणजे माझे सासरे, राहायला आले. पारोळ्याजवळच्या गावात त्यांची शेती. कापूस विकून मोकळे झाले की ते आमच्याकडे येत. गावी त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. बोलणं म्हणजे "चहा ठेवू का" एवढंच. ते असेपर्यंत खेळायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पण एका दुपारी मैत्रीण दारातूनच ओरडली, "चल गं, तुझ्यावाचून अडलंय!"

आबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. "जाय ना बेटा. पोरकडे मी देखस."

मी गेले. खेळ रंगात आला असताना सहज दाराकडे लक्ष गेलं, तर नातीचं बोट धरून आबा उभे. धोतर, पांढरी टोपी. आणि मी ओढणी कमरेला बांधलेली, घामानं निथळत. हातातली सर्व्हिस जाळ्यात गेली. आबा बाकावर जाऊन बसले. पळून जाता येईना, म्हणून खेळत राहिले. प्रत्येक जोराच्या फटक्यानंतर हात आपोआप कोपराकडे जात होता.

घरी आल्यावर आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी स्वयंपाकघरातच घुटमळले. आबांनी हाक मारली.

"हात दुखस ना?"

"थोडासा."

"मंग तुना हातजोगी रॅकेट का लेत नही?"

"ह्यांची आहे ना घरात."

"ती त्यानी शे. तुनी कोठे शे?"

दुसऱ्या दिवशी मुलीला मैत्रिणीकडे ठेवलं आणि ह्यांची रॅकेट बरोबर घेऊन आम्ही दोघं एसटीनं जळगावला गेलो. आबांच्या शेजारी एका बाकावर बसण्याची ती माझी पहिलीच वेळ.

बाजारातल्या एका गल्लीत खेळाच्या सामानाचं दुकान होतं. मालक मारवाडी, चाळिशीचे, स्वतः पूर्वी खेळलेले. आबांनी लगेच लाल चकचकीत दांड्याची एक रॅकेट उचलली. "हाई भारी शे!" वजनातही तीच सगळ्यांत भारी होती. दुकानदार हसले, पण त्यांनी आबांचा मान ठेवला. "तीही बघू. आधी ताई, जुनी कशी धरता ते दाखवा."

मी धरली. त्यांनी माझी बोटं बघितली. "मूठ तुमच्या बोटांत मावत नाही. निसटू नये म्हणून तुम्ही आवळून धरता. सगळा ताण कोपरावर येतो." मग त्यांनी तीन-चार रॅकेटी पुढे ठेवल्या, एक निवडली, तिच्या मुठीवरची पट्टी उलगडून पातळ गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. हवेत फिरवून मला काही कळेना. "बरी वाटते, द्या," मी संकोचानं म्हटलं.

आबा मध्ये पडले. "आपन बैल लेतस तं जुपीसन देखतस. हाई बी खेळीसन देख."

बैलासारखं जुंपून बघणं दुकानदारांना पटलं. दुकानामागे बोळ होता, तिथे त्यांनी आम्हाला नेलं. समोर कोण उभं राहणार? आबांनी धोतराचा सोगा खोचला, ती लाल रॅकेट घेतली आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

सासऱ्यांच्या दिशेनं फूल मारायचं! मी अलगद टोलवलं. त्यांचा फटका हुकला. दुसरं त्यांनी असं हाणलं की ते शेजारच्या पत्र्यावर जाऊन बसलं. दुकानदारांनी नवं काढून दिलं.

"जोरमा मार!" आबा ओरडले. "मी काय काचना शे का?"

मी मारलं. फूल सरळ त्यांच्या टोपीला लागलं आणि टोपी खाली पडली. मी टोपी उचलायला धावले. आबा मात्र कमरेवर हात ठेवून खदखदून हसत होते. गावी मी त्यांना असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मग मीही हसले, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की कोपर दुखलंच नव्हतं.

तरी दुकानदारांनी आणखी दोन हातात दिल्या. एकीचं डोकं जड वाटलं, दुसरी फारच हलकी. शेवटी मघाचीच करड्या रंगाची, दिसायला अगदी साधी रॅकेट मी घेतली. "तारांचं गटिंग थोडं सैल करतो, हाताला हिसका बसणार नाही," ते म्हणाले. त्यांनी समोर बसून ते करून दिलं. आबा तोवर स्टुलावर बसून, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "मनी सून शे. खेळस."

कोपर बरं व्हायला वेळ लागला, पण झालं. पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला बायकांच्या स्पर्धा होत्या, तिथे मी नाव दिलं. पहिली मॅच जिंकले, दुसरीत एका कॉलेजच्या मुलीनं मला कोर्टभर पळवून हरवलं. बाहेर आले तर आबा पारोळ्याहून आलेले, आणि त्यांच्या शेजारी माझे वडील. वडिलांनी मला शिकवलं, नोकरीपुरतं इंग्रजी पाठ करून घेतलं, पण देवपूरच्या कोर्टावर ते मला बघायला कधी आले नव्हते. या वेळी आबा स्वतः माझ्या माहेरी जाऊन त्यांना घेऊन आले होते.

"हरले," मी म्हटलं.

वडील म्हणाले, "ते शेवटचं फूल तू उचललंस कसं? मला वाटलं, गेलंच."

मी सांगत गेले आणि ते ऐकत राहिले. आबा उसाचा रस सांगायला पुढे निघून गेले होते. आमच्यात आभार मानायची पद्धत नव्हती, म्हणून रसाच्या गाड्यापाशी गेल्यावर मी आबांच्या हातातून ग्लास घेतला आणि नुसती त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.