आमच्या पार्किंगमधली जपानी

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. काम : गाडी धुणे.

त्यातलं माझं काम बादल्या भरून देण्याचं. गाडीला फडकं लावायची मला परवानगी नाही, कारण माझा हात जड आहे. हा शोध नवऱ्याला जपानी गाडी घरी आल्यावर लागला. त्याआधीची छोटी देशी गाडी मीच चालवत होते. भोसरीला कारखान्यात जायचे, मुलीला क्लासला सोडायचे, वर्षाचे गहू आणायचे. तेव्हा हात हलका होता. ती विकून जपानी आली आणि मी पुन्हा स्कूटरवर आले.

यंदा मात्र मला गाडी हवी होती. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दसऱ्याला सकाळी तिला रुग्णालयातून सोडणार होते. तिला कात्रजला, तिच्या स्वतःच्या घरीच जायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की खोल सीटवर बसवायचं नाही, गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत आणि धक्के अजिबात नकोत. म्हणजे रिक्षा बाद. मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीत कोणती गाडी येईल ते नशिबावर, आणि सणाच्या सकाळी ती येईल का, तेही नशिबावरच. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली, "त्यातून उतरवलंत तर बिल्डिंगमधले लोक हार घेऊन खाली येतील. त्यापेक्षा मला चालत न्या."

आमची गाडी उंच आहे. पुढची सीट मागे सरकवली की आई पाय लांब करून आरामात बसेल. हे मी नवऱ्याला आठवडाभर आधी सांगितलं होतं. तो "बघू" म्हणाला होता. पुण्यात "बघू" म्हणजे नाहीच. फक्त दुसरी सोय करायला समोरच्याला वेळ मिळावा म्हणून लवकर कळवतात.

मी कारखान्यात खरेदी बघते. माल घेताना आम्ही विचारतो की कामाला येईल का, सुटे भाग मिळतात का, बिघडलं तर माणूस कधी येतो. विकणाऱ्याचे आजोबा कोण होते, हे विचारत नाही. नवऱ्याने मात्र घराणं बघून गाडी घेतली.

कंपनीचा इतिहास तो कुणालाही सांगतो, न विचारणाऱ्याला जरा जास्तच. मूळ पुरुष म्हणे एका खेड्यातल्या लोहाराचा मुलगा. गणपतीत सांगितलं तेव्हा तो सुताराचा होता. युद्धात कारखाना बेचिराख झाला, तेव्हा उरलेल्या पत्र्याची भांडी करून त्याने कामगार जगवले. पाहुणे जेवायला असले की भांडी. नुसत्या चहाला आले असतील तर कंदील. मग तीनचाकी, मग चारचाकी, मग अमेरिकेने हसून घालवणं आणि शेवटी त्याच अमेरिकेने दारात रांगा लावणं. हा भाग आला की नवऱ्याचा गळा दाटून येतो. आमच्या लग्नाची हकिगत सांगताना तो दाटलेला मी अजून पाहिलेला नाही.

पुढे कंपनी आपल्याकडे आली, कुणाशी तरी भागीदारी केली, मोडली, आणि न खपलेलं एक मॉडेल गुपचूप बंद केलं. तेच आमच्याकडे आहे. "लोकांना कळली नाही ती गाडी," असं नवरा म्हणतो. सर्व्हिस सेंटरलाही फारशी कळलेली नाही. दाराची रबरी पट्टी मागवली की ती येईपर्यंत ऋतू बदलतो. नवरा म्हणतो, जपानी लोक घाई करत नाहीत.

इंटरनेटवर गाडीमालकांनी आपलं मत लिहायची एक जागा असते. तिथे नवऱ्याने सगळे तारे देऊन लिहिलं आहे : "आजवर एकदाही बंद पडली नाही. पावसात, घाटात, गर्दीत अत्यंत विश्वासार्ह." पावसात ती कव्हरखाली असते. घाट तिने शोरूममधल्या पोस्टरवर पाहिला असेल. दर रविवारी सकाळी नवरा खाली जातो, इंजिन सुरू करतो, दिवे लावून बघतो, एसी लावून बघतो, एक गाणं ऐकतो, आणि वर येऊन सांगतो, "मस्त चालतेय." चालते कुठे? एका जागी उभी राहून घुरघुरते. त्या मताखाली कुणीतरी विचारलं होतं, "सर, घाटात पिकअप कसा आहे?" नवऱ्याने उत्तर दिलं, "समाधानकारक."

आमच्या सोसायटीत त्याच कंपनीच्या आणखी दोन गाड्या आहेत. एक खराडीला सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मुलाची. दुसरी मामांची. मामा म्हणजे ज्यांच्या शेतात आमची सोसायटी उभी आहे ते. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात ते राहतात. नवमीला हे तिघे मालक पार्किंगमध्ये जमतात. यंदाही जमले.

नवऱ्याने पाटावर पान्ह्यांचा संच मांडला होता. नवमीला हत्यारं पुजायची म्हणून पान्ह्यांना हळदकुंकू वाहायचं. पान्हे अजून कोरे आहेत. एकाने तरी एखादा नट फिरवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं तर रंगाला डाग पडतो, म्हणून त्याने ते कागदावर काढून काचेला आतून चिकटवलं होतं. चारही दारं उघडी, आतले दिवे चालू, आणि सकाळपासून स्पीकरवर देवीचं स्तोत्र.

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक बोटाने वाजवून पाहिलं.

"साहेब, ही गाडी हाय का देव्हारा?"

"मामा, निगा राखली तर जपानी गाडी पिढ्यान् पिढ्या जाते."

"जाती कुटं? हितंच तर हाय." मामा माझ्याकडे वळले. "ताई, आमची बगा. कांदा वाह्यला, पेंड वाह्यली, पोरीची वरात वाह्यली. परवा म्हशीचं रेडकू मागच्या शिटावर घालून दवाखान्यात नेलं. काय झालं न्हाय."

"गाडीला की रेडकाला?" खराडीवाल्याने विचारलं.

"दोघास्नी."

खराडीवाल्याचं मत जास्त शास्त्रशुद्ध होतं. "काका, बिल्ड क्वालिटी सॉलिड आहे, नो डाउट. पण सस्पेन्शन कडक आहे यार, पाठ जाते. आणि स्क्रीन एकदम बाबा आदमच्या जमान्याची."

"जपानी माणूस गाडी चालवताना गाडी चालवतो," नवरा म्हणाला. "टीव्ही बघत नाही."

"तुम्ही दोन्ही करत नाही," मी बादली खाली ठेवत म्हटलं. साक्षीदार आयते जमले होते. खरेदीतला नियम आहे की अडलेली गोष्ट चारचौघांत विचारावी. "अहो, उद्या सकाळी आईला आणायचंय. गाडी लागेल."

नवऱ्याने आरसा पुसायला घेतला. "उद्या गाडीची पूजा आहे."

"पूजा झाल्यावर जाऊ."

"हार घातलेली गाडी गर्दीत न्यायची म्हणजे... शिवाय त्यांचा वॉकर आहे. त्याचे पाय ॲल्युमिनियमचे. आतल्या पॅनेलला एकदा ओरखडा पडला की तो पार्ट आता मिळत नाही."

"सासूचा पार्ट मिळाला का पण?" मामा म्हणाले.

"मिळाला," मी म्हटलं. "नवा बसवलाय. आता फक्त घरी न्यायचंय."

खराडीवाला तोंड फिरवून हसला. विषय बदलायला नवऱ्याकडे एकच हत्यार होतं. तो ड्रायव्हरच्या सीटवर चढला. "हे बघा, अगदी थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू होते. आवाज ऐका फक्त."

आम्ही ऐकला. टिक्. पुन्हा किल्ली फिरवली. टिक्. स्तोत्रही अर्ध्या शब्दावर थांबलं. सोसायटीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

नवरा खाली उतरला. बॉनेटकडे पाहत म्हणाला, "बॅटरी इथली आहे. जपानी नाही."

"काका, सकाळपासून सगळं ऑन आहे," खराडीवाला म्हणाला. "आणि संडेला तुम्ही ते पाच-दहा मिनिटं स्टार्ट करता ना, त्याने चार्ज होत नाही. उलट दर वेळी थोडी थोडी उतरते. गाडी पळवावी लागते."

मी आईचा विचार करत होते. सकाळी तिची पिशवी भरून तयार असणार. ती आठ वाजल्यापासून खाटेवर साडी नेसून बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला सांगणार की माझी मुलगी गाडी घेऊन येतेय.

मामांनी आपली गाडी आणून आमच्या गाडीसमोर नाकाला नाक लावून उभी केली. तिला पेंडीचा वास होता आणि एका बाजूचा दिवा दोरीने बांधलेला होता. दोन वायरी जोडल्या, आणि त्या गाडीच्या जिवावर आमची सुरू झाली. नवऱ्याने तेवढ्यात दोन गाड्यांच्या मध्ये फडकं धरलं, घासू नये म्हणून.

"आता बंद करू नगा," मामा वायरी गुंडाळत म्हणाले. "तासभर हायवेला फिरवून आणा. न्हायतर उद्याच्याला पुन्ना ह्योच तमाशा."

"हो हो, नेतो की," नवरा म्हणाला. ते दोघे गेले. इंजिन चालू होतं. नवरा आरसा पुसत होता. मघाचाच आरसा.

"चला ना," मी म्हटलं.

"आत्ता फार गर्दी असेल. मंडईकडे तर झेंडूच्या टेम्पोंनी सगळं..."

"मंडईत कोण चाललंय? कात्रजच्या बोगद्याकडे घ्या."

"दुपारी बघू."

"अहो, बघू नका. चालवा."

तो फडकं चौकोनी घडी करत राहिला. मग इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "मला जमत नाही गं आता. मागून हॉर्न वाजला की पाय कुठे ठेवायचा ते कळेनासं होतं. गेल्या उन्हाळ्यात सिंहगड रोडला सिग्नलवर बंद पडली. सुरूच करता येईना. मागे सगळे ओरडत होते. शेवटी दोन पोरांनी ढकलून कडेला घेतली."

"म्हणजे बंद पडली होती."

"गाडी बंद पडली नव्हती," नवरा म्हणाला. "मी पाडली होती."

त्या परिस्थितीतही कंपनीच्या नावाला बट्टा लागू दिला नाही.

मला दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण राग आधी आला. लोहाराचा मुलगा, कंदील, भांडी, अमेरिका, वॉकरचे ॲल्युमिनियमचे पाय, एवढं सगळं एका घाबरलेल्या माणसाला झाकायला उभं केलं होतं. आणि त्यापायी मी पावसाळ्यात रेनकोट घालून भोसरीपर्यंत चिखल उडवून घेत होते.

"हे आधी सांगता आलं नसतं?"

"तू काय म्हणाली असतीस?"

"किल्ली द्या, म्हटलं असतं. सरका आता."

तो सरकला. शेजारच्या सीटवर बसून त्याने पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला. पार्किंगच्या फाटकाशी माझ्याकडून एकदा क्लच लवकर सुटला आणि गाडीने उडी मारली. त्याने दारावरचा दांडा धरला. हायवेला लागल्यावर सूचना सुरू झाल्या. "तिसऱ्यात घे. अगं, तो ट्रक. आरसा बघ. आरसा."

"अजून एक शब्द बोललात तर बोगद्यात उतरवीन."

बोगदा पार करून आम्ही पुढच्या वळणावरून परत आलो. परतीच्या चढाला गाडी न कुरकुरता गेली. तो भाग त्याने लिहिलेला खरा निघाला, समाधानकारक. घरी येऊन मी किल्ली खुंटीवर लावली नाही, माझ्या पर्समध्ये टाकली.  जेवणाच्या शेवटी ताक घेताना नवरा म्हणाला, "मी येऊ का उद्या? मागे बसेन." मी या म्हटलं. वॉकर उचलायला माणूस लागणारच होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. पूजा संध्याकाळी करू म्हणून सांगितलं आणि सकाळी मी गाडी बाहेर काढली. आधी रुग्णालयाजवळच्या दुकानातून आईसाठी कमोडची खुर्ची भाड्याने घेतली. ती डिकीत बसेना, म्हणून मागच्या सीटवर आडवी घातली. नवरा तिच्या शेजारी, तिचा एक पाय मांडीवर घेऊन बसला. रुग्णालयाच्या दारात आईला नर्सने सांगितलं तसं आधी पाठमोरं टेकवलं, मग एकेक पाय आत घेतला. तिला कुठेही कळ आली नाही. तिने हात लावून दार, काच, समोरचा कप्पा असं सगळं तपासलं.

"उंच आहे. बरी आहे. कुठली गं ही गाडी?"

मागून कमोडच्या खुर्चीआडून आवाज आला. "त्याचं असं आहे आई, त्या कंपनीचा जो मूळ पुरुष..."

"जावईबापू," आई म्हणाली, "मला कात्रजपर्यंतच जायचंय."

मी पहिला गिअर टाकला. आईच्या खुब्याला झेपेल तेवढ्याच वेगाने, प्रत्येक खड्ड्याआधी जवळजवळ थांबत, सातारा रस्त्याने निघाले. मागून हॉर्न वाजत होते. मी आरसा पाहिला, हात बाहेर काढून त्यांना बाजूने जा म्हटलं, आणि आईला तिच्या दारात उतरवलं.