सपाट केलेला उंचवटा

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीच्या लॅबमध्ये मी सॉलिड-स्टेट एनएमआरचं यंत्र बघायचे. प्लांटमधून रासायनिक प्रक्रिया घडवणाऱ्या कॅटलिस्टची पावडर यायची. ती रोटर नावाच्या इवल्या नळीत भरून चुंबकात गरगर फिरवायची, मिळालेल्या सिग्नलचा कॉम्प्युटरवर आलेख करायचा आणि त्यातली शिखरं वाचून माल चांगला की खराब ते सांगायचं, हे माझं काम.

त्या दिवशी एकदा वापरून, भाजून पुन्हा वापरायला काढलेल्या कॅटलिस्टचा नमुना होता. ॲल्युमिनियमच्या उंच शिखराशेजारी एक बसका, पसरट उंचवटा दिसत होता. म्हणजे आतली रचना मोडायला लागली होती. माझे साहेब ठाण्याचे. शावर्मा खात ते मागे येऊन उभे राहिले.

"अगं, आलेखाच्या तळाची बेसलाइन वाकडी आलीय तुझी. सरळ कर ना."

"सर, ती बेसलाइन नाही, सिग्नलच आहे. रिकाम्या रोटरचा सिग्नल वजा करूनही राहतोय."

"प्लांटला उद्या ओके द्यायचाय. यल्ला, चल, सरक."

लसणाच्या सॉसने बरबटलेल्या बोटांनी त्यांनी माझा माउस धरला. उंचवट्यावर इथेतिथे क्लिक करून तो शून्यावर ओढला. आलेख सपाट झाला.

"खलास! बघ, किती क्लीन!" म्हणत त्यांनी तीच बोटं चाटली. ते गेल्यावर माउस स्पिरिटने पुसला, तरी हात लावावासा वाटेना.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तोच आलेख पडद्यावर, आणि खाली माझं नाव. अंगावर पाल पडावी तसं झालं.

"हे प्रोसेसिंग माझं नाही," मी म्हटलं.

प्लांटचा इजिप्शियन इंजिनियर म्हणाला, "मग तुझं दाखव."

मी मूळ सिग्नल उघडला आणि सगळं पुन्हा त्यांच्यासमोर केलं. उंचवटा वर आला. त्याने नीट पाहिलं आणि हा लॉट रिॲक्टरमध्ये भरायचा नाही, असं सांगून टाकलं.

"एक्झॅक्टली! मलाही तीच शंका होती," साहेब मान डोलावत म्हणाले.

नंतर पॅंट्रीत त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "घे, तुझ्या वहिनींनी साबुदाण्याची खिचडी दिलीय. अगं, आपल्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडतात का? मला बाजूला घेऊन सांगायचंस."

"कालच सांगितलं होतं, सर," मी म्हटलं आणि डबा परत सरकवला.

"निदान खिचडीवर तरी राग काढू नकोस," ते दुखावून म्हणाले. बाकी कशाचंच त्यांना काही वाटलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी दुबईत नोकरी शोधायला लागले.