बाळूचं वजन

पोरगं धडधाकट झालं म्हणून आई रडलेली कधी पाहिलीत का तुम्ही? मी पाहिली आहे. दापोडीला रेल्वेलाइनकडेच्या वस्तीत माझी बालवाडी होती. एक परदेशी संस्था मुलांसाठी दुधाच्या पावडरचे डबे पाठवायची. पावडर संपून जायची, किस्से मात्र साठत राहायचे!

*

संस्थेचा नियम होता, दूध बालवाडीतच प्यायचं. एकदा गोवर आला, निम्मी मुलं अंथरुणावर. पुण्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांना मी विचारलं, "दूध घरी पोचवू का?"

साहेब भले होते. म्हणाले, "दिल्लीला विचारून कळवतो."

परवानगी आली तेव्हा सगळी मुलं अंगणात धावत होती. आमची मदतनीस गंगूबाई म्हणाली, "आता गोवर परत बोलवायचा का, बाई?"

*

रिकामे डबे कुणी विकू नयेत, म्हणून डब्याला भोक पाडायचा हुकूम आला. वस्तीतल्या बायकांना तर ते डबे पिठासाठी हवे असायचे. गंगूबाईनं इमानानं खिळा ठोकला, पण झाकणाला!

साहेबांनी डबा उलटापालटा करून पाहिला. "अहो, भोक डब्याला पाडायचं ना?"

"मग झाकण काय शेजारच्याचं हाय का, साहेब?"

*

दूध फक्त अशक्त मुलांना. दर महिन्याला वजन करायचं आणि ते ठरलेल्या आकड्यावर गेलं की मुलाचं नाव दुधाच्या यादीतून कमी. कमलचा बाळू दुधानं चांगला बाळसेदार झाला. साहेब खूश! "शाब्बास! आता याचं दूध बंद."

कमल तिथंच रडायला लागली. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलेलं, घरात चहासुद्धा कोरा. "बाई, दुधानं सुधारला म्हणून दूधच बंद?"



*

त्याच आठवड्यात परदेशातून संस्थेच्या मॅडम आल्या. त्यांना दुधानं सुधारलेलं मूल बघायचं होतं. समोर सगळी किडकिडीत मुलं, कारण सुधारलेली आम्हीच दूध बंद करून घरी बसवलेली! गंगूबाई पळत जाऊन बाळूला उचलून घेऊन आली, मागोमाग कमल.

मॅडमना फोटो हवा होता, बाळूच्या हातात दुधाचा पेला असलेला. साहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "नुसता धरायला द्या. पिऊ देऊ नका, नाव नाही त्याचं."

कमलनं ते ऐकलं आणि पेल्यावर हात ठेवला. "पोराला दूध मिळत न्हाई साहेब, मग फोटो कशाचा काढताय?"

मॅडमनी साहेबांना विचारलं, "काय म्हणतात त्या?"

साहेबांनी रुमालानं मान पुसली. मॅडमना इंग्रजीत काहीतरी गोड बोलले आणि माझ्याकडे वळले. "बाई, नाव लावा त्याचं."

"आणि वजन, साहेब?"

"काटा बिघडलाय म्हणून लिहा!"

कमलनं हात काढला. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळू सगळ्यांच्या आधी येऊन बसला आणि पेलाभर दूध प्यायला.