पाठ झालेला पाठ

मी बी.एड.ला होतो तेव्हा आमचे सराव पाठ नागपुरातल्या एकाच शाळेत होत. पाठ म्हणजे शिकाऊ मास्तरानं घ्यायचा तास. आधी टाचण काढायचं, मग प्रस्तावना, मग आज काय शिकायचं ते सांगणारं हेतुकथन, अशा ठरलेल्या पायऱ्यांनी शिकवायचं. मागच्या बाकावर प्राध्यापक आणि एक सहाध्यायी आपल्या चुका टिपत बसलेले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे मी तेव्हाही ताठ मानेनं सांगत असे, आताही सांगतो. कळमेश्वरच्या एका शाळेनं शब्द दिला होता, बी.एड. पास व्हा आणि या. म्हणजे सगळं त्या निकालावर अडलेलं.

सहावीत 'बाष्पीभवन' घेतलं. विचारलं, "ओले कपडे कशाने वाळतात?"

सगळे हात वर. "उष्णतेने."

"पाण्याची वाफ होण्याच्या या क्रियेला काय म्हणतात?"

हा शब्द मी अजून शिकवायचा होतो. पण पोरांनी एका सुरात सांगून टाकला. हेतुकथन करायला माझ्याजवळ काही उरलंच नाही. तास संपल्यावर प्राध्यापकांनी शेरा दिला, 'प्रतिसाद उत्तम. भाषा ग्रामीण, सुधारावी.'

त्या 'उत्तम'वर माझा विश्वास बसेना. कुहीच्या बाजारात एखादा बैल फारच गरीब दिसला की आमचा बा विकणाऱ्याला म्हणे, "दोर इकडे दे गा," आणि स्वतः त्याला चालवून पाही. मला इथं दोर दुसऱ्याच्याच हाती दिसत होता. संशय गेला मागच्या बाकावरच्या सहाध्यायावर. तो नागपुरातल्याच रामदासपेठेतला, सुखवस्तू घरचा, बोलणं स्वच्छ, आणि माझं टाचण आदल्या दिवशी त्यानं मागून नेलेलं. यानंच पोरांना प्रश्न फोडले असणार. माझा पाठ पोपटपंचीचा ठरावा, दुसरं काय.

सुट्टीत नळावर त्या वर्गातली एक मुलगी दिसली. म्हटलं, "काहून वं, तुमाले उत्तरं कोणी सांगितली?"

"कोणीच नाही, सर."

"मंग शिकवायच्या आधीच बाष्पीभवन कसं आलं?"

"सगळे नवे सर हेच घेतेत. तुमचा पाठ आमाले पाठ हाय."

तिला त्यात विनोद दिसला नाही. मला दिसला, पण हसू आलं नाही. बाप जसा दोर हातात घेई तसं मी विचारलं, "कपडे उष्णतेनं वाळतात ना? मंग माझी माय शेतातून येऊन सांजच्याले लुगडं धुते, घरातल्या दोरीवर टाकते. ऊन नाही, चूल विझलेली. सकाळी ते वाळलेलं कसं?"

माझीच समजूत काढल्यासारखी ती म्हणाली, "सर, हा प्रश्न नसते राहत."

सहाध्यायी सुटला. पण आता मला तो सगळा वर्गच खोटा वाटायला लागला. दरवर्षी नवे मास्तर येत, वर केलेले हात मोजत आणि खूश होऊन जात.

वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक आले. शाळा तीच, तुकडी दुसरी. मी घटकही मुद्दाम तोच घेतला, आणि सुरुवातच लुगड्यानं केली.

एकही हात वर आला नाही.

परीक्षकांचं पेन चालू झालं. सहाध्यायी माझ्याकडे असा पाहू लागला, जसं काही मी विहिरीच्या काठाकडे पाठमोरा मागं मागं चाललोय. माझ्या डोळ्यांपुढे कळमेश्वर येत होतं. उत्तर जिभेवर होतं, पण ते मी सांगितलं नाही.

शेवटी एक पोरगं बसल्या जागेवरून पुटपुटलं, "वारा."

"दार लावलं राहते बे," मागचा म्हणाला.

"मंग पाणी खाली टपकलं."

"सगळं टपकते का? जमीन तं कोरडी राहते सकाळी."

"मंग गेलं कुठी?"

हे त्यांचं आपसात चाललेलं. मला कोणी विचारत नव्हतं. पाणी हवेत जातं, इथवर पोरं पोचली तेव्हा घंटा झाली. संकलन, उपयोजन या शेवटच्या पायऱ्या राहूनच गेल्या.

परीक्षकांनी बाहेर बोलावलं. "सुरुवातीला मुलं इतका वेळ गप्प का होती?"

"सर, ते विचार करून राहिले होते."

शुद्ध बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून नेमकं हेच निघालं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

निकालात मी पास झालो, प्रात्यक्षिकात काठावर. सहाध्यायाला पहिला वर्ग. त्या परीक्षकांनी मला ढकलून पास केलं की मुद्दाम खाली ठेवलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

कळमेश्वरला रुजू झालो. पहिल्याच तासाला प्रश्न विचारला आणि सगळे हात वर आले. मी खडू खाली ठेवला आणि आधी चौकशी केली, "हा धडा तुमाले अगोदर कोणी शिकवला?"