खिडकीच्या कोपऱ्यात आई

आई गेल्यावर औंढ्याच्या घरात आबा एकटे आणि मी बंगळुरूच्या भाड्याच्या खोलीत एकटी. आबा म्हणजे माझे वडील. फोनवर त्यांचं बोलणं "बरं हाय" एवढ्यात संपायचं आणि ते फोन ठेवून मोकळे व्हायचे. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. माणूस नीट जेवतोय की नाही, हे आवाजावरून कळत नाही.

पोटासाठी मी प्रोग्राम लिहिते. रजेवर घरी गेले तेव्हा मी कॉलेजात असतानाच्या जुन्या संगणकावर आबांसाठी एकमेकांना बघत बोलायचा एक साधा प्रोग्राम बसवला. संगणक लावला की त्याची खिडकी पडद्याच्या खालच्या पट्टीवर आपोआप येऊन बसायची. तिच्या चिन्हावर दाबलं की समोर मी. पण चिन्ह होतं आयतं आलेलं, कसल्याशा पक्ष्याचं पीस. आबा भलतंच काहीतरी उघडून बसत.

"वळखीचं चित्र लाव, मंग न्हाई चुकायचो," ते म्हणाले.

म्हणून आईचा फोटो घेतला. मळवलीच्या ज्या बंगल्याची ती देखभाल करायची, तिथल्या वेताच्या खुर्चीत बसून हसतानाचा. चिन्ह म्हणजे हरभऱ्याएवढं. आधी आई दिसेचना, नुसता मागच्या झाडांचा हिरवा ठिपका. मग खुर्ची कापली, पदर कापला, खांदे कापले. आईला असं कापत जाताना मला रडू आलं. शेवटी चेहरा उरला. खिडकीच्या कोपऱ्यात तो लगेच आला, पट्टीवर मात्र पीसच. त्यासाठी प्रोग्राममध्ये आणखी एक ओळ लिहावी लागते, ती सापडेपर्यंत रजा संपत आली. आबांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, आवडलं.

बंगळुरूला परतल्यावर रोज संध्याकाळी मी ताट घेऊन पडद्यासमोर बसायचे. आबा येतच नसत. फोनवर विचारलं की "उद्या बघू." मी मुळात तापट. नको असेन तर राहिलं, असं मनात म्हणायचे. राग ओसरला की फार एकटं वाटायचं आणि ताटातला भात गार व्हायचा.

शेवटी शेजारच्या मावशींना फोन केला.

"रोज लावत्यात की कंप्युटर," त्या म्हणाल्या. "म्होरं मेणबत्ती लावत्यात, हात जोडत्यात, आन बंद करत्यात."

लगेच आबांना फोन केला. "आबा, चिन्हावर दाबत का नाही?"

"तिच्या तोंडावर त्यो बाण न्यायचा आन दाबायचं? हात हुईना बघ."

आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या फोटोला बोट लावत नाहीत. पुसायचा तर हात धुऊन, धुतल्या फडक्यानं. हे मला ठाऊक होतं, पण पडद्यावरच्या चित्राला मी फोटो धरलंच नव्हतं.

"मग आधी सांगायचं ना!"

"तू रडत रडत केलतंस. कसं सांगू?"

"बदलते आता."

"तिला कशाला हलवतीस? ऱ्हाऊ दे बसलेली. शेजारी तुझा फोटू लाव. तू जिती हायस, तुला टोचलं तर वरडशील तरी."

मी बंगळुरूतूनच दुसरी खिडकी केली आणि तिला माझा चेहरा लावला. आईची खिडकी तिच्या जागी ठेवली. तिच्यातून आता काही उघडत नाही.

त्या संध्याकाळी माझ्या पडद्यावर आबांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा आला.

"दुखलं का गं?" त्यांनी विचारलं.

"लय," मी म्हणाले.