पाकिटातलं सहावं पान

आमच्या कारखान्यात तिला सगळे चहामावशी म्हणायचे. नव्यानं लागलेल्या माणसाला वाटायचं ही चहा करत असणार, आणि तो पहिल्याच दिवशी तिच्याकडे कप मागायचा. मग मावशी त्याला समोरचा टब दाखवायची. "घे की हवा तेवढा. आत्ताच कागद बुचकळून काढलेत त्यात."

कोऱ्या कागदाला जुना करणं हे तिचं काम. चहाच्या कडक काढ्यात कागद बुडवायचा, दोरीवर वाळत घालायचा, चुरगाळून पुन्हा सरळ करायचा, कडा मेणबत्तीवर धरून जराशा करपवायच्या. दोन दिवसांत कागद पन्नास वर्षांचा. आम्ही आठवणींच्या वह्या सजवायचं सामान बनवतो. स्टिकर, फुलाफुलांची चिकटपट्टी, लाखेचे शिक्के, दाबून वाळवलेली फुलं. मी चिकटपट्टीची रिळं गुंडाळते आणि मावशीच्या समोरच बसते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

या धंद्यात दरवर्षी नवं खूळ. एका वर्षी सगळ्यांना चमकी हवी होती. आमच्या जेवणाच्या डब्यातसुद्धा चमकी निघायची. मग पारदर्शक स्टिकर आले. आणि गेल्या वर्षापासून सगळ्यांना एकदम जुनं हवं झालं. जुनी तिकिटं, जुन्या पावत्या, जुनी पत्रं, तीही कुणाचीच नसलेली. लोक असल्या पानांचं पाकीट विकत घेतात आणि त्या पानांवर आपले फोटो चिकटवतात, म्हणजे कालची सहल आजीच्या काळातली वाटते. मावशीला याचं भारी हसू यायचं. "माझ्या घरी आयतं जुनं पडलंय," ती म्हणायची, "आणि इथे मी नवं नासवत बसलेय."

हे एकदा मालकीणबाईंच्या कानावर पडलं. वयानं त्या मावशीच्या लेकीएवढ्या. हुशार, कामाला वाघ. म्हणाल्या, "मावशी, खरंच एखादं जुनं पत्र असेल तर आणा ना. रंग जुळवून बघू. संध्याकाळी परत देते."

मावशीनं आईचं पत्र आणलं. मावशी अकरा वर्षांची असताना तिची आई क्षयाच्या दवाखान्यात होती, दूरच्या गावी. मुलांना भेटायला बंदी. तिथून आलेलं ते एकच पत्र. आई काही परत आली नाही.

पत्र संध्याकाळी परत मिळालं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून.

दीड महिन्यानं नव्या मालाचे गठ्ठे टेबलावर आले. सहा पानांचं पाकीट, नाव 'आईची पत्रं'. बरीचशी पाकिटं बाहेरूनच भरून आली होती, उरलेली मावशी भरत होती. सहाव्या पानाशी तिचा हात थांबला.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'वेणी स्वतःची स्वतः घालायला शीक. भांग सरळ येत नसेल तर आरशात बघू नकोस, बोटानं चाचपून काढ. बाबा ओरडले तर रुसू नकोस, त्यांना झोप नसते.' 'रुसू' या शब्दावर शाईचा डाग होता, तोही जसाच्या तसा छापलेला. फक्त वरती, जिथे मावशीचं लाडाचं नाव होतं, तिथे एक सुकलेलं फूल छापलं होतं.

मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. "अहो मावशी, किती सुरेख अक्षर आहे! डिझायनरला मोह आवरला नाही. आणि नाव काढलंय की आपण. कुणाला कळणार आहे?"

"नाव काढलंत, म्हणजे हे कुणाचं तरी आहे हे तुम्हाला कळलं होतं."

बाईंनी ते पान हातात घेतलं. मग म्हणाल्या, "हवं तर पाकिटावर मागे तुमच्या आईचं नाव छापू. कौतुकच होईल त्यांचं."

"तिचं कौतुक नकोय मला. तिनं ते एका पोरीला लिहिलं होतं, अख्ख्या जगाला नाही."

"माल उद्या निघायचाय, मावशी. आता काही होणार नाही."

"होईल," मावशी म्हणाली. तिनं भरलेल्या पाकिटांचा गठ्ठा पुढ्यात ओढला, पहिलं पाकीट उघडलं, सहावं पान काढलं आणि मांडीवर ठेवलं. मग दुसरं पाकीट घेतलं.

"मी तुम्हाला कामावरून काढू शकते."

"काढा. पण आधी हे काढून होऊ दे."

खरं सांगते, मी मान खाली घालून चिकटपट्टी गुंडाळत राहिले. घरात कमावणारी मी एकटी. वर बघायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात स्टिकर कापायच्या मशीनवरची उंच पोरगी, आमची लांबोडी, उठली, मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि पाकिटं उघडायला लागली. माझं रीळ वाकडंतिकडं गुंडाळलं जायला लागलं. मग मीही ते बाजूला ठेवलं.

दुपारपर्यंत सगळी पाकिटं पाच पानांची झाली. मालकीणबाई केबिनचं दार आपटून आत बसल्या होत्या, त्या बाहेर आल्या. पाकिटावर 'सहा पानं' असं छापलेलं, पाच देऊन चालणार नव्हतं. "मग सहावं तुम्हीच लिहा," त्या चिडून म्हणाल्या. "अक्षर चांगलं आहे तुमचं. काहीही लिहा. फक्त जुनं दिसलं पाहिजे."

"लिहिते. आधी कॉम्प्युटरमधलं आईचं पत्र पुसा."

ते पुसलं जाईपर्यंत ती डिझायनरच्या खुर्चीमागे उभी राहिली.

पण नमुन्याची दोन खोकी आधीच बाजारात गेली होती. दोन रविवार मावशी दुकानं पालथी घालत फिरली. अकरा पाकिटं परत आणली. बाकीची गेली ती गेली. तिची लेक वैतागून म्हणाली, "आई, सोड ना आता. आजीला कोण ओळखतंय?"

"मी ओळखते," मावशी म्हणाली.

सहावं पान तिनं त्याच दुपारी एका बैठकीत लिहिलं होतं; त्यासाठी माल दोन दिवस थांबवावा लागला. मालकीणबाईंनी लांबूनच बघितलं, "मस्त जुनं वाटतंय," म्हणाल्या आणि छापायला पाठवलं. आम्ही टेबलावरच्या बायकांनी मात्र ते वाचलं होतं. हसू दाबता दाबता लांबोडीला ठसका लागला. त्यात लिहिलं होतं: 'हे पत्र कुणीही कुणाला लिहिलेलं नाही. कागद चहात बुडवलेला आहे. तुमच्या घरात खरं पत्र असेल तर ते शोधा, वाचा, आणि कुणी कितीही गोड बोललं तरी हातातून सोडू नका.'

चार महिने ते पान दुकानादुकानांतून विकलं गेलं. लोकांनी त्यावर बारशाचे, सहलीचे, लग्नाचे फोटो चिकटवले. कुणी काही बोललं नाही. मग एका दुकानदाराचा फोन आला, एका गिऱ्हाइकानं ते वाचलं होतं.

मालकीणबाई पान नाचवत टेबलापाशी आल्या. "तुम्ही मला फसवलंत, मावशी!"

"अख्ख्या पाकिटात तेवढंच एक खरं आहे," मावशी हातातला कागद झटकत म्हणाली.

"यापुढे प्रत्येक पत्र मी आधी वाचणार."

"वाचा की. माझ्या आईचं वाचलं असतंत, तर छापायला धजला नसतात."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. हातातलं पान त्यांनी टेबलावर ठेवलं आणि गेल्या. मावशीची नोकरी गेली नाही, पण त्या वर्षी पगारही वाढला नाही. पान मात्र बाईंनी बदलायला सांगितलं नाही, अजून तेच छापलं जातं.